निसीमच्या नावाचा नवस

७ जून, रविवार

आज पुन्हा खासदारांचा फोन! आईने संसदेच्या समितीपुढे येऊन बोलावं म्हणतात. दहशतवाद्यांना फाशी देण्याचा कायदा येतोय. ज्यांची मुलं गेली त्या आया बोलल्या की समोरच्यांची तोंडं बंद होतात — ते असं म्हणाले नाहीत, पण अर्थ तोच.

आई म्हणाली, "येते म्हणावं. जेरुसलेमपर्यंत गाडी धाडा, आणि गाडीत एसी हवा. मनमायापण येईल." तिला सांभाळणाऱ्या ह्या नेपाळी बाईशिवाय आई कुठे हलत नाही.

निसीमला जाऊन दोन वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ. बसथांब्यावर उभा होता, हातात आईची औषधं. बॉम्ब ठेवणारा सापडला, त्याला जन्मठेप झाली. तेव्हाच आईने एलियाहू हन्नाबीला, आम्हा ज्यूंच्या प्रेषिताला, नवस बोलला — तो फासावर चढेल त्या दिवशी गोड पोह्यांचा मलिदा करीन. आणि निसीमच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली तिच्या गळ्यात.

मीही फाशीच्याच बाजूची. वहीपासून काय लपवायचं? उद्या आमच्यातल्या कुणाला ओलीस धरतील आणि बदल्यात ह्याला सोडवून नेतील. खांद्यावर घेऊन नाचतील. ते मी टीव्हीवर बघायचं? नाही!

पण थकले. रागसुद्धा थकतो, हे माहीत नव्हतं.

१० जून, बुधवार

वाळवंटाचा वारा सुटलाय. आमचं सगळं डिमोना गाव धुळीने पिवळं. मनमायाने ओल्या चादरी खिडक्यांना लावल्या.

आई तिला म्हणाली, "तुमच्या नेपाळात बर्फ आहे ना, थोडा मागव की!" हिंदीत. भायखळ्याची हिंदी, मुंबई सोडून इतकी वर्षं झाली तरी तसूभर बदललेली नाही.

"मागवला असता आमा, पण विमानतळावरचेच खाऊन टाकतील."

दोघी कितीतरी वेळ हसत होत्या. आई माझ्याशी अशी हसत नाही. मला बघितलं की तिला निसीम आठवतो.

१४ जून, रविवार

खासदार घरी आले. भला माणूस. आईच्या पायाशी स्टुलावर बसला, निसीमच्या फोटोकडे बघताना त्याचे डोळे भरले. मनमायाने चहा आणि हलवा दिला.

मग बोलण्याबोलण्यात दुसरा कायदा निघाला. परदेशी कामवाल्यांचा. मुदत संपली की परत जायचं. ज्या आजारी माणसाला सांभाळतात ते अजून आहे म्हणून वर्षानुवर्षं परवाना वाढवून मिळतो, ती सवलत बंद.

आई म्हणाली, "म्हणजे हिची?"

"नियम सगळ्यांना सारखा, आई."

"मग मला आंघोळ कोण घालणार? तुमची बायको?"

तो हसला, मीही हसले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "एकीला सूट दिली की दारात रांग लागते. आणि प्रत्येकीची गोष्ट खरीच असते हो."

बरोबरच आहे. देश केवढासा! दार सताड ठेवून घर राहत नाही. मी ह्याच माणसाच्या पक्षाला मत दिलं, ह्या मुद्द्यावरही. पुन्हा देईन.

मनमाया ट्रे घेऊन उभी होती. तिच्या तोंडाकडे मी बघितलं नाही.

जाताना जिन्यात मी विचारलं, "फाशीचा कायदा निसीमला मारणाऱ्याला लागू होईल ना?"

तो थांबला. "नाही ताई. मागच्या गुन्ह्यांना नाही. पुढच्यांसाठी आहे. आईंना तुम्हीच सांगा. मला धीर होत नाही."

१६ जून, मंगळवार

सांगितलं नाही.

१८ जून, गुरुवार

आई समितीपुढे बोलली. सगळं मिळून तीन वाक्यं. "मला सूड नको. मला खात्री हवी. तो पुन्हा रस्त्यावर दिसणार नाही, एवढी." विरोधात बोलणारी एक बाई होती, तीच उठून आईला पाणी द्यायला आली. आईने घेतलं.

परतताना गाडीत मनमायाच्या खांद्यावर झोपली. एसी चांगला होता म्हणाली!

२२ जून, सोमवार

फाशीचा कायदा पहिल्या मतदानात पास झाला. सकाळपासून शेजारपाजारचे आईचं अभिनंदन करताहेत. मी कामावरून आले तर पोहे भिजवलेले, मनमाया वेलची कुटतेय, आई मांडीवर परात घेऊन खोबरं खवतेय. दानियलमामाला फोन गेला होता, तो प्रार्थनेपुरती माणसं गोळा करून हजर! ताटात फळं रचलेली, वर गुलाब.

मामा आईला म्हणाला, "सिम्हा, आधी नवस बोल. कशाबद्दल?"

"तो लटकला म्हणून."

मामाने माझ्याकडे बघितलं. "कुठे लटकला? नुसता कायदा होतोय."

"तेच ते!"

मग मला बोलावं लागलं. "आई, तो कायदा त्याला लागू नाही. तो आत आहे तसाच राहणार."



"तुला कधीपासून माहीत?"

"खासदार आले त्या दिवसापासून."

"आणि मला खोबरं खवू दिलंस!"

एवढंच म्हणाली. थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मामा टोपी काढून डोकं खाजवत होता. "नवस फळायच्या आधी मलिदा! हे मी बापजन्मात बघितलं नाही. पण मांडलेलं ताट उचलता येत नाही. दुसरं काहीतरी माग आता."

आईने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "मनमाया! इकडे ये, उभी राहा इथे." आणि ताटावर हात ठेवून म्हणाली, "मी आहे तोवर हिला माझ्याजवळून कोणी नेऊ नये."

"अगं, आणि निसीमचं?" मामाने विचारलं.

"निसीमचं देवाला माहीत आहे. हिचं त्याला कोणी सांगितलेलंच नाही."

प्रार्थना झाली. सगळ्यांनी खाल्लं. मनमाया पदराने डोळे पुसत म्हणत होती, "आमा, गूळ जास्त झाला."

२४ जून, बुधवार

आई गेली. दुपारच्या झोपेत. मनमाया तिचे पाय चेपत होती, तिलाच आधी कळलं. संध्याकाळी माती दिली.

नवस पुरा झाला, शब्दाला शब्द. आई होती तोवर कोणी नेलं नाही.

परवाना आईच्या नावावरचा. मामा म्हणाला, "आता हिने निघायला हवं गं. कायदाच तसा आहे."

"हो," मी म्हणाले.

गळ्यातली किल्ली मी काढून घेतली.

२८ जून, रविवार

सुतकाला बसलेय. खासदार भेटायला आले, खाली जमिनीवर बसले माझ्याजवळ. खूप आठवणी काढल्या आईच्या. उठताना विचारलं, "ती नेपाळची बाई कुठे गेली?"

"गेली," मी म्हणाले.

निसीमच्या खोलीला कुलूप होतं. नेहमीसारखं. फक्त आत पंखा चालू होता. त्या दाराबद्दल ह्या घरात कोणी काही विचारत नाही.