पिवळ्या सुया कोणाला सापडल्या

तीर्थरूप हॅल्वरदादास,

धाकट्या टोरवाल्डचा वाकून नमस्कार. (गुडघा हल्ली वाकत नाही, पण कागदावर वाकायला हरकत नाही.) डलूथचा सरोवरावरचा वारा तुझ्या छातीला मानवत नाही, असं वहिनींच्या नाताळच्या कार्डावरून कळलं. लोकरीची बनियन घालत जा. एकोणीस वर्षांनी पत्र आणि त्यात बनियन, म्हणून चिडू नकोस. सुरुवात कुठून तरी करायलाच हवी होती.

विषय गंभीर आहे. इथल्या हेरन खाणीतला एक दगड नवं खनिज ठरला आहे, जगात आजवर कुणीही न नोंदवलेलं फॉस्फेट. तुला ती बुटांची खोकी आठवत असतीलच. सुयांसारखे पिवळे स्फटिक असलेले तपकिरी दगड भरून तू ती आपल्या दगड जमवणाऱ्यांच्या क्लबात आणलीस आणि म्हणालास, "तोरू, हे काहीतरी निराळं आहे." मी तेव्हा क्लबाचा अध्यक्ष. (अध्यक्षाला भिंग डोळ्याला लावण्याआधीच उत्तर माहीत असतं.) तीस माणसांसमोर मी म्हणालो, "दादा, खाणीत ट्रक चालवणं वेगळं आणि दगड ओळखणं वेगळं." तू डोक्यावर टोपी चढवून बाहेर पडलास आणि त्या हिवाळ्याआधीच गाव सोडलंस. मी मात्र आपल्या क्लबातल्या सगळ्यांच्या रीतीप्रमाणे तुझे दगड घरी नेऊन गंज काढायच्या आम्लात बुडवले. सकाळी गंज गेला होता आणि त्याच्याबरोबर सुयाही. एकच दगड वाचला, कारण त्याच्यावर आम्ल वाया घालवण्याची माझी इच्छा नव्हती. तो एकोणीस वर्षं गॅरेजचं दार उघडं धरून बसला होता.

गेल्या वसंतात विद्यापीठातल्या डॉ. क्वेन्बी माझा संग्रह पाहायला आल्या. माझी चार कपाटं बघताना त्यांनी दोनदा जांभई गिळली (मी मोजली), आणि जाताना गॅरेजच्या दाराशी त्या दगडापुढे जी बसकण मारली, त्या उठेचनात. त्या दगडातली केसाहून बारीक सुई त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत माझ्यासमोर काचेच्या तंतूवर चिकटवली. मला म्हणाल्या, "आजोबा, श्वास रोखा." मी इतका रोखला की शेवटी त्यांना मलाच पाणी द्यावं लागलं. मग क्ष-किरणांनी तिची आतली घडण पडद्यावर आली. लोखंडाच्या लांब साखळ्या, त्यांना बांधून ठेवणारे फॉस्फेटचे चार कोपऱ्यांचे तुकडे, आणि मधल्या पोकळीत पाणी. हे पाणी गेलं तर काय होईल, असं मी विचारलं. "सगळं कोसळेल," त्या म्हणाल्या. आई गेल्यावर आपल्या घराचं तेच झालं, असं मला तिथं बसल्या बसल्या वाटलं आणि डोळे भरून आले. त्यांना वाटलं, मला खनिजशास्त्राची फार ओढ आहे.

मग त्यांनी विचारलं, "सापडलं कोणाला?" दादा, मी "मला" म्हणालो. जीभ सवयीने वळली. पण पुढचा प्रश्न आला, "नेमकं कुठं?" नवं खनिज नोंदवायचं तर जागा नेमकी सांगावी लागते. मी त्यांना दोन दिवस खाणीच्या ढिगाऱ्यांवरून फिरवलं, प्रत्येक खड्ड्याशी थांबून "हं, इथंच" म्हणालो, आणि शेवटी एका काटेरी झुडपात बसलो. ते काटे तिथल्या दवाखान्यातल्या नर्सने चिमट्याने काढले. क्वेन्बीबाई बाहेर बसल्या होत्या. तिथून मला त्यांनी घरी सोडलं, तेव्हा दाराशी असलेल्या त्या दगडाच्या तळाला चिकटलेली चिठ्ठी त्यांच्या हाती लागली. अक्षर तुझं, नाव तुझं, जागेचा मात्र उल्लेख नाही. "हे हॅल्वर कोण?" त्यांनी विचारलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. (बसता येत नव्हतं.) त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, "आजोबा, आता हे त्यांना कळवा."

तेव्हा हे कळवतो आहे. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. वहिनींना नमस्कार.

तुझा
तोरू

ता. क. सोबत एक अर्ज आहे. खनिजाचं नाव 'हॅल्वराइट' ठेवायचं आहे. जिवंत माणसाचं नाव द्यायला त्याची सही लागते, म्हणून कृपा करून जिवंत राहा आणि सही कर. (स्टेन्सरुड हे आपलं आडनाव आम्हीच नाकारलं. लोकांना ते माझंच नाव वाटलं असतं.)

ता. ता. क. जागा अजून कोणालाच ठाऊक नाही. तू फोनवर सांगितलीस तरी बाईंचं काम होईल. माझं होणार नाही. तू ये.