कट्टा मीच बांधला

संपतच्या आईस,

कागद हातात घ्यायचं कारण असं, की उद्या सकाळी तुझा दारातला कडुलिंब उतरवणार आहेत. तुला न सांगता तुझ्या झाडाला हात लावायची या घरात पद्धत नाही. शेवग्याची फांदी छाटायची तरी तू आदल्या दिवशी हळदकुंकू वाहून झाडाला सांगायचीस. आता झाडाला मी सांगेन. पण तुला कोण सांगणार? म्हणून चौथीपर्यंत शिकलेली अक्षरं काढून बसलोय. वेडीवाकडी आली तर हसू नकोस. भ्यालोय गं मी.

तू सुप्याहून, माहेरून, डालड्याच्या डब्यात ते वीतभर रोप आणलंस तेव्हा मी काय म्हणालो होतो, आठवतं? 'शेळगावात लिंब नव्हता व्हय? एसटीतनं मांडीवर घेऊन आलीस ते?' तू म्हणालीस, 'हे माझ्या दारातलं हाय.' आणि लावलंस कुठं, तर भिंतीपासून चार हातांवर! मी तेव्हाच म्हणालो होतो, लांब लाव. तू ऐकलं नाहीस. एवढा एक दोष तुझा. बाकी सगळा माझा आहे, आणि तोच सांगायला बसलोय.

तू गेलीस त्यानंतर माझं मन कशात लागेना. वर्षश्राद्धाच्या आधी मला वाटलं, तुझ्या झाडाला कट्टा बांधावा. चांगला बांधला गं! कमरेएवढा उंच, आत दोन ट्रॉल्या काळी माती, वर लाल फरशी, दर्शनी बाजूला तुझ्या नावाची पाटी. गवंडी विचारत होता, 'आबा, खोडाभवती जरा जागा सोडू का?' मी म्हणालो, 'कशाला? मुंग्या व्हत्यात. चिकटवून बसव.' त्यानं खोडाला लागून शिमिट भरलं. मीच वर पाणी मारलं, आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ.

लोक यायचे, बसायचे, म्हणायचे, 'आबानं बायकोसाठी झ्याक काम केलं.' मला बरं वाटायचं. तुला वाटलं असेल का?

पुढच्या उन्हाळ्यात शेंडा वाळला. मी म्हणालो, ऊन जास्त आहे. त्याच्या पुढच्या साली पालवी एकाच अंगाला फुटली. मी म्हणालो, वय झालं. मग फरशीच्या सांध्यातून खोडाला धरून एक तपकिरी अळंबी उगवली, भाकरीएवढी, कडक. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, ही तुझीच खूण! मी तिला कुंकू लावलं गं. रोज लावायचो.

संपत वर्षभर मागं लागला होता. 'आबा, झाड घराकडं कललंय. काढू या.' मी म्हणायचो, 'तुझ्या आईचं झाड हाय. कुऱ्हाड लावलीस तर मी अन्नाला शिवणार न्हाय.' आणि तो गप्प बसायचा. त्याला गप्प बसवायचं कसं हे मला पक्कं माहीत. बापाला एवढं तरी येतंच की.

गेल्या रविवारी काय झालं ते ऐक. संपत आणि रेखा इंदापूरला लग्नाला गेले होते. घरात मी आणि तुझी नात. परी नाव ठेवलंय तिचं, तू पाहिली नाहीस, आठ महिन्यांची आहे, हनुवटी तुझी आहे. लिंबाखालच्या खोलीत तिचा पाळणा. दुपारी आभाळ काळं झालं आणि वळवाचं वारं सुटलं. पत्रा वाजायला लागला. आणि त्या आवाजाच्या खालून दुसरा आवाज आला. कर्रर्र. बैलगाडीचा आख दबल्यावर येतो ना, तसा. खिडकीतून पाहिलं तर कट्ट्याची फरशी हलत होती! झाड झुकलं की उचलायची, सावरलं की बसायची. जमीन श्वास घेत होती म्हण.

मी पोरीला उचललं आणि दारात आलो. आता कुठं जाऊ? आत थांबलो तर वरून झाड, बाहेर पडलो तर अंगणात झाडच. उंबऱ्यावर उभा राहिलो. एक पाय आत, एक पाय बाहेर. पाय हलेनात गं माझे! पोर माझी मिशी ओढून हसत होती आणि मी तिच्या कानात तुला हाका मारत होतो. शेवटी मागच्या दारानं शेळ्यांच्या गोठ्यात गेलो, तिला छातीशी धरून गव्हाणीत बसलो. वारं पडल्यावरही उठलो नाही. संपत आला तेव्हा त्यानं आम्हाला तिथून काढलं. मी त्याला एवढंच म्हणालो, 'काढ बाबा झाड.'

रेखानं बारामतीहून बाई बोलावली. झाडांची देखभाल करायची आणि धोक्याची झाडं काढायची, हेच तिचं काम. सायली नाव. तिशीची असेल, डोक्यावर हेल्मेट, पायात जाड बूट. संपत म्हणाला, 'आबा, ह्या झाडाच्या डॉक्टर.' मी म्हणालो, 'मग नाडी बघा म्हणावं.' तिनं ऐकलं. लाकडी हातोडी काढून म्हणाली, 'नाडीच बघते, आबा.'

ती खोडावर ठोकत गेली. वर आवाज खणखणीत. जसजशी खाली आली तसा आवाज बसत गेला. फरशीजवळ तर रिकाम्या हौदावर थाप मारल्यासारखा. तिचं तोंडच उतरलं. मग तिनं ती अळंबी पाहिली, वरचं कुंकूही पाहिलं. हसली नाही. चांगली पोर आहे.

म्हणाली, 'आबा, हे बाहेर आलं म्हणजे आत कुजलंय. खोड जिथं जमिनीत शिरतं, ती जागा झाडाला उघडी लागते. तिथं माती आणि सिमेंट दाबलं, की ओल राहते, साल कुजते, मग मुळं. शेताकडच्या अंगाची मुळं गेलीत. झाडाला मागं धरून ठेवणारी तीच होती.' आणि मग विचारलं, 'कट्टा कुणी बांधला?'

'गवंड्यानं,' मी म्हणालो.

पंच्याहत्तरीच्या माणसानं असं खोटं बोलावं? संपतनं माझ्याकडं पाहिलं आणि खाली पाहिलं. मी विचारलं, 'वाचंल का?' ती म्हणाली, 'शेंडा वाळला तेव्हाच कट्टा फोडून माती काढली असती, तर प्रयत्न केला असता. आता खाली घर आहे, आबा. घरात बाळ आहे.'

संपत म्हणाला, 'मग रस्सा बांधून ट्रॅक्टरनं शेताकडं वढू का? दोन तासांचं काम.' तर ती त्याच्यावर ओरडलीच. 'पोकळ झाड रश्शाचं ऐकत नाही, दादा. बुंध्याला कापलं की ते फिरतं आणि मनाला येईल तिकडं पडतं. हे पाडायचं नाही. उतरवायचं.'

खांबावरचा दिवा बदलायला येते तसली पाळण्याची गाडी ते आणणार आहेत. अशा झाडावर माणूस चढवायचा नाही म्हणे. फांदी फांदी दोरानं बांधून, कापून, हळूहळू खाली सोडायची. आधी घरटी बघायची, तारेतली वीज बंद करून घ्यायची, खोली रिकामी करायची. पंचायतीच्या परवानगीचा कागदही तिनंच करून घेतला. रेखा पोरीला घेऊन कळंबला माहेरी गेलीसुद्धा.

मला एकच काम दिलंय. खोडात खिळे कुठं कुठं आहेत ते दाखवायचं, करवत त्यावर लागली तर माणसाला इजा होते. ते मला सोडून कोणाला माहीत? कंदिलाचा खिळा, संपतच्या लग्नातल्या दिव्यांचे खिळे, तुझ्या झोक्याची साखळी, जी सालीनं गिळून टाकलीय. सकाळपासून प्रत्येक जागी चुन्याचं बोट लावत हिंडतोय. चार वेळा फिरलो. एखादा राहिला असेल तर? त्या पाळण्यातल्या माणसाला काही झालं तर? आणखी एकदा फिरणार आहे.

आणि आज कट्टाही फोडला. सायली म्हणाली होती, बुंधा उघडा दिसायला हवा. मी छिन्नी घेऊन पहिली फरशी उचकटली, पाटी काढून धोतरानं पुसली. संपत आला. 'आबा, द्या हिकडं, मी फोडतो.' माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, 'संपत, गवंडी जागा सोड म्हणत व्हता. कट्टा मीच तसा बांधला.'

तो म्हणाला, 'म्हाईत हाय की. माती मीच आणली न्हवं ट्रॉलीतनं.'

'मग बोलला का न्हाईस?'

'तुमी कवा ऐकलंय कुणाचं?'

मग दोघं हसलो गं. अगदी खोकला येईपर्यंत हसलो. माती काढल्यावर आत साल ओल्या पुठ्ठ्यासारखी निघाली. हसू तिथंच थांबलं.

उतरवायचं, हा शब्द ऐकल्यापासून तुझा आवाज कानात आहे. संपत लहान असताना याच झाडावर चढून बसायचा आणि खाली बघून रडायचा. तू खालून दोन्ही हात वर करून म्हणायचीस, 'भिऊ नगंस, उतरवती तुला.' मी आपला लांबून ओरडायचो, पडंल, पडंल! भित्रा मी तेव्हाही होतोच.

तर आता माझा शब्द घे. उद्या कुणी आत येऊ नये म्हणून ते अंगणाभोवती दोरी बांधतील, तिच्या बाहेर मी उभा राहीन. काही राहिलं म्हणून आत धावणार नाही. कट्टा कुणी बांधला हे सायलीला आधी सांगेन, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या दारात सांगेल. तुझ्या लिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या मी वेचून ठेवल्यात. त्यातलं एक झाड विहिरीच्या पलीकडं लावीन, घरापासून लांब. त्याला कट्टा नाही, चुना नाही, खिळा नाही. पाटी माझ्या खाटेजवळच्या भिंतीवर राहील.

आणि आता कागद ठेवून हळदकुंकू घेऊन अंगणात जातो. चिमण्यांना आणि खारींना जागा सोडायला सांगतो. मग त्या उघड्या बुंध्याला हात लावीन. आणि तुझेच शब्द म्हणेन, 'भिऊ नगंस, उतरवतो तुला.'

तुझा भित्रा कारभारी,
संपतचा बाप
शेळगाव