शेजारच्याने तपासलेले

अमरावती, ५ ऑगस्ट २०१४

चि. आचल हिस खुशालमामाचे अ. उ. आ.

काल अकोटला तुझा सहकारी मोईज याच्या घरी पेढे घेऊन गेलो. तुमचा शोधनिबंध स्वीकारला गेला आणि त्याच्या जोरावर पोराला हॉलंडच्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली. त्याच्या वडिलांची, नबीभाईंची कापसाची जिनिंग बंद पडल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच हसणं ऐकलं. त्याच्या आई खातूनबी तिकडच्या थंडीसाठी रजई भरत होत्या. रुई एवढी, की विमानात पोरगा मावेल, रजई मावायची नाही.

त्यांनी विचारलं की पोरांनी शोधलं काय. मी अधिकार नसताना सांगितलं, की क्वांटम संगणकातले क्युबिट, म्हणजे माहिती साठवणारे कण, भारी नाजूक, क्षणात चुकतात. आणि प्रत्येकाला बोलता येतं ते फक्त शेजारच्याशी. तरी शेजाऱ्यांनीच एकमेकांना तपासून चूक धरायची, हे यांचं काम. आमच्या पाठशाळेत क्रमपाठ असाच. प्रत्येक शब्द पुढच्याशी जोडून म्हणायचा, शेजारच्याने ऐकायचं. मी आणि पुंजाराम शेजारी. एक शब्द दोघांनी मिळून गाळला आणि वर्षभर एकमेकांना शाबासकी दिली! गुरुजींनी दोन टोकांना बसवलं तेव्हा उघडे पडलो.

लोभाचा झरा आटू देऊ नये.
तुझा, खुशालमामा


अकोला, ११ ऑगस्ट

ती. मामांस आचलचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा पुंजाराम वाचून मी हसले नाही. आई विचारते की जेवून काहून नाही राहिली.

मामा, दूरच्या दोन क्युबिटांची गाठ घालायची तर एकाला शेजाऱ्यांशी जागा बदलत सरकवावं लागतं. त्या सरकण्यातही चुका होतात. त्या मी हिशेबात धरल्याच नाहीत. मोईजने तपासलं, पण माझ्याच टेबलावर, माझंच गृहीत धरून. दोघांचं जुळलं, म्हणून बरोबर ठरलं. त्या चुका धरल्या तर आमचा दावा टिकत नाही.

हे मला महिन्याभरापासून ठाऊक आहे. बोलले तर निबंध मागे घ्यावा लागेल, त्याची जागा जाईल. रोज त्याच्यासमोर बसून चहा पिते आणि गप्प राहते. मले माझीच लाज वाटून राहिली.

रागवा, पण माया तोडू नका.
आपली, आचल


अमरावती, १६ ऑगस्ट

चि. आचल, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी काय केलं ते ऐक. तो विमानात बसेपर्यंत गप्प राहा, असं कार्ड लिहिलं. जन्मभर पोरांना सुभाषितं पाठ करायला लावणाऱ्याचं हे पहिलं उत्तर! अर्ध्या अकोटला पेढे वाटले होते ना, तोंड मलाही वाचवायचं होतं. कार्ड फाडलं. बाकी कोणाला कळवण्याआधी मोईजला सांग. पत्र खाली ठेव आणि जा.

राग आलाच तर तोही मामाचा लोभच समजावा.
खुशालमामा


अकोला, २५ ऑगस्ट

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला की त्याला ही चूक उन्हाळ्यातच दिसली होती. माझी कॉलेजातली नोकरी याच निबंधावर कायम होणार, म्हणून तो बोलला नाही. आम्ही दोघं रोज एकमेकांकडे पाहून समजत होतो, की समोरच्याला काही कळलेलं नाही.

निबंध मागे घेतला. त्याची जागा गेली. माझं काय ते कळेलच. चुका धरून पुन्हा मांडतोय. क्युबिटांचा निभाव लागतो, पण आम्ही म्हटला होता तेवढा नाही.

खातूनबींना अजून ठाऊक नाही. रजईला झालर लावणं चालू आहे म्हणे. मोईज म्हणाला की तो एकटाच सांगेल. मी नाही म्हटलं. रविवारी अकोटच्या एसटीत बसते. तुम्हीही या. पेढे नकोत, लोभ तेवढा सोबत आणा. आणि तिथं आम्हा दोघांना शेजारी बसू देऊ नका.

आपली, आचल