बोटाची घाई

सोमवार, ३ मार्च

आज परत तेच! धनुष्याचा नेम बोर्डाच्या मधल्या पिवळ्यावर नीट टेकायच्या आधीच बोटाने ट्रिगर दाबला. बाण निळ्यात. मास्तर सगळ्यांसमोर ओरडले, "बाण तू सोडतेस की तुझं बोट सोडतं गं?" मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मी मान खाली घालून बाण उपटायला गेले. बोटच सोडतं. खरं आहे ते.

मनगटाला पट्टा, पट्ट्याला धनुष्याची दोरी पकडणारा हूक, हुकामागे तर्जनीचा ट्रिगर, हे माझं रिलीज. शिकले तेव्हापासून याच रिलीजवर बाण मारत आलेय. आता ट्रिगरवर बोट ठेवलं की ते माझं ऐकतच नाही. मी थांब म्हणते, ते दाबून मोकळं. मास्तर म्हणतात ही भीती. टार्गेट पॅनिक. मोठमोठ्यांना होते म्हणे. मला तर नुसती लाज वाटते. महिन्याच्या शेवटी निवड चाचणी आहे आणि संघात एकच जागा उरलीय. या वेळी हुकली तर मास्तर माझ्यामागे वेळ घालवणार नाहीत. तसं त्यांनी तोंडावर सांगितलंय. माझं वय बघता दुसरं कोण उभं करणार मला?

बुधवार, ५ मार्च

दुकानात गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू बसवताना हातातून सारखा निसटत होता. मालक म्हणाले, लक्ष कुठंय तुमचं? लक्ष रिलीजमध्ये, दुसरं कुठे!

शुक्रवार, ७ मार्च

लंबू आज आपली सगळी रिलीज पिशवीत भरून घेऊन आला. आमच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात उधळ्या. "लग्न झालं नाही ना, मग पैसे यातच जातात," म्हणाला. बऱ्याच दिवसांनी हसले.

आधी अंगठ्याचं घेतलं. पट्टा नाही, मुठीत धरायचं आणि अंगठ्याने बटण दाबायचं. मास्तरांचं म्हणणं, खोड तर्जनीला लागलीय, अंगठा अजून कोरा आहे. पहिले काही बाण काय सुंदर गेले! मला वाटलं, सुटले. मग अंगठा दमला. मी दाबतेय, दाबतेय, आणि बटण हलेचना. हात लटपटायला लागले, शेवटी दोरी तशीच परत सोडत आणली. लंबूने बटण अगदी हलकं करून दिलं. "याहून हलकं केलं तर फुंकर मारून सुटेल." तरी तेच. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "मनच मागे ओढतंय, अंगठा बिचारा काय करणार!"

आधी बोट थांबत नव्हतं, आता अंगठा चालत नाही. एवढी कशी मी घाबरट? घरात तर पालसुद्धा मीच हाकलते.

रविवार, ९ मार्च

वहिनीने भांडी घासताना माझा उजवा हात धरला. ती इस्पितळात नर्स आहे, तिची नजर घरी आली तरी ड्युटीवरच असते. अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस दाबून बघत म्हणाली, "इथे खड्डा कसला गं?" म्हटलं, इतकी वर्षं पट्टा बांधतेय, दबणारच. "एकदा डॉक्टरांना दाखवू." म्हटलं, चाचणी झाली की दाखवू. "तुझं सगळं चाचणी झाली की!" दादाने पेपरातून डोकं वर काढलं नाही. तो आमच्या मधे पडत नाही. शहाणा आहे.

मंगळवार, ११ मार्च

हिंज! लंबूच्या पिशवीत तळाशी पडलं होतं. याला ट्रिगर नाही, बटण नाही. बोटं फक्त आकड्यासारखी अडकवायची. दोरी खेचताना अंगठा खुंटीवर टेकवायचा, नेम लागला की अंगठा उचलायचा आणि पाठीने ओढत राहायचं. रिलीज हळूहळू मुठीत फिरतं आणि आपसूक सुटतं. कधी सुटणार ते आपल्यालाही कळत नाही. मास्तर म्हणाले, "तुझ्या बोटाला काही कामच ठेवू नये. हेच बरं."

टोचलं. पण घेतलं.

शुक्रवार, १४ मार्च

ओठ फाटला. दोरी खेचताना अंगठा खुंटीवरून घसरला. मला कळलंसुद्धा नाही! रिलीज तिथेच सुटलं आणि माझीच मूठ माझ्या तोंडावर. बाण बोर्डाखाली मातीत घुसला, नशीब. रक्त बघून लंबू पांढराफटक पडला. मास्तर एवढंच म्हणाले, "आता तर भीती आणखीन बसणार." धीर देणं यांना जमतच नाही. रागाने अंगाची लाही झाली.

रात्री जेवता येईना. दादा पहिल्यांदा बोलला, "सोड ना आता हे." मी ताटावरून उठले. हे सोडून काय करू? आयुष्यभर लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू पिळू?

सोमवार, १७ मार्च

सुतळीचा फास करून घेतलाय. धनुष्य नाही, नुसती सुतळी ताणायची आणि हिंज फिरवायचं. गिऱ्हाईक नसलं की दुकानातही करते. मालक बघतात आणि मान हलवतात.

गुरुवार, २० मार्च

मास्तरांनी बोर्डाच्या अगदी जवळ उभं केलं आणि डोळे मिटायला लावले. नेम नाही, पिवळं नाही, फक्त पाठ. बाण सुटतो तेव्हा मीच दचकते. तसंच हवं म्हणे. नंतर पूर्ण अंतरावर गेले. दहा, दहा, नऊ, दहा. लंबूने शिट्टी मारली. बोटाला आता कुणी विचारतच नाही, त्यामुळे ते गप्प.

बुधवार, २६ मार्च

छान चाललंय. लिहायलाही भीती वाटते.

पेन मात्र बोटांत नीट धरवत नाही. अक्षर बघ कसं कोंबडीचे पाय!

शनिवार, २९ मार्च

झाली. निवड झाली!!

शेवटच्या बाणाला दहाच हवा होता. वारा होता. पाठीने ओढत राहिले, ओढत राहिले, रिलीज सुटेचना. परत खाली घेऊ का असं वाटतंय तेवढ्यात सुटलं. दहा. मी तिथेच मटकन बसले आणि रडले. मास्तर वाकून म्हणाले, "भीती गेली बघ तुझी." एवढं गोड ते कधी बोलल्याचं आठवत नाही. लंबूने हिंज मलाच देऊन टाकलं.

रात्री वहिनी परत हातावर आली. "चाचणी झाली ना? आता चल." नंतर विचारलं, "बोट उडतं ते एकाच हाताचं ना? डाव्याचं नाही?" म्हटलं, डावा हात नुसतं धनुष्य पेलतो, त्याला कसली भीती! तिने श्वास सोडला. "मग बरं, मनगटात नस दबली असेल. दोन्हीकडे असतं तर आत्ताच्या आत्ता ओढत नेलं असतं." डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेऊन ठेवलीय तिने. जाईन म्हटलं. आज कशालाही हो म्हणेन.

बुधवार, २ एप्रिल

दुकान रिकामं होतं. सुतळी बाजूला ठेवून चहा घेत बसले होते. डावा हात टेबलावर, काही न करता पडलेला. त्याचं बोट उडालं. मग परत. मी बघत राहिले, थांब म्हटलं. थांबलं नाही. इथे ना ट्रिगर, ना पिवळं, ना मास्तर. वहिनीला फोन केलाय, ती निघालीय.

म्हणजे मी घाबरत नव्हतेच. एकदाही नाही.