रिंगा पुरेत

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे, फक्त ट्रॅक्टर बरा नाही. डिझेलपेक्षा ऑइल जास्त पितो, आणि शेतातून निघाला की धुरावरून गावभर कळतं. वाटणी अजून व्हायची आहे, पण हंगाम काही वाटणीसाठी थांबणार नाही. मेकॅनिकचे सल्ले दोन: पिस्टनच्या नुसत्या रिंगा बदला, नाहीतर क्रँकपर्यंत सगळं इंजिन उघडा. तिसरा सल्ला त्याच्या बायकोचा: भंगारात घाला. तुझं स्पेअर पार्टचं दुकान, तुझे कान, तू सांग. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नको.

तुझा धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या खेपेला ओट्यावर बसून मी त्याचा आवाज ऐकला होता. वरची टकटक आहे, म्हातारपणाचा खोकला. आवाजावरून इंजिन ओळखतो म्हणून तर हे दुकान उभं राहिलं, तेव्हा निश्चिंत राहा. रिंगा पुरेत. मेकॅनिकला उघडायची हौस असते, निस्तरायला आपण असतो. तुझ्यासारख्या काटकसरी माणसानं उगाच खोलात शिरू नये. जुन्या स्टॉकमधला एक सेट सोबत पाठवतोय, चालून जाईल. आईला सा. न. माया आहे तशी राहू दे.

दादा

१८ मार्च

चि. थोरल्यास आशीर्वाद.

वाटणी केली. शेत निम्मं-निम्मं. विहिरीवरचा नवा पंप धाकट्याला, ट्रॅक्टर तुला. वर्षअखेर दुकान मुलावर सोपवून तू इकडे येणार, मग हात हलवत बसणार का? धाकट्यानं हूं की चूं केलं नाही. तूही करू नको. सुनेला जपायला सांग.

आई

२२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितोय. काल दुकानासमोरून एक ट्रॅक्टर गेला आणि आपला आठवला. नीट आठवलं, तर त्या टकटकीच्या खाली एक ठोका होता. खालचा ठोका म्हणजे क्रँकचं बेअरिंग. तिथं नुसत्या रिंगा घालणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं. क्रँक काढ, लायनर, पिस्टन, बेअरिंग, सगळं नवं घाल. उत्तम माल आजच पाठवलाय. रिंगा बसवल्या असतील तर काढ. आईच्या पत्राचा याच्याशी काही संबंध नाही. माझे कानच कधीकधी उशिरा ऐकतात. राग मानू नको.

दादा

२९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे दोन्ही सल्ले पोचले. पहिला आला तेव्हा क्रँक ग्राइंडिंगला गेला होता. अर्ध्यातून परत आणायला लाज वाटली. बाकीचं सगळं इथंच नवं घेतलं, त्यामुळे तुझा माल परत पाठवतोय.

ट्रॅक्टर तुझ्याकडे जाणार, हे आईनं मला आधीच सांगितलं होतं. तुझं इंजिन तुला न विचारता उघडणं बरं दिसलं नसतं, म्हणून विचारलं. उत्तर काय येणार ते मी गृहीत धरलं. तेवढं माझं चुकलं.

आईनं तुझी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. जेवताना दोनदा हसली.

इंजिन आता इतकं शांत चालतं की चालू आहे का, ते हात लावून बघावं लागतं. मात्र नव्या इंजिनाला आधी हलकी कामं द्यायची, नांगर मागाहून, असं मेकॅनिक म्हणतो. हलकी कामं सगळी माझ्याच शेतात निघाली आहेत. ती उरकली की ट्रॅक्टर तुझ्या हवाली. तोवर लोभ असू दे.

तुझा धाकटा