पुसलेल्या वाटा

४ मार्च
पुसल्या! पडद्यावरच्या सगळ्या वाटा आज पुसल्या. इतकी वर्षं विमानं आम्ही आखलेल्या रेषांवरून जायची. आता महिनाभर प्रयोग — ज्याने त्याने आपली वाट निवडायची, वारा नेईल तिकडून. समोर दुसरं आलं तर कोणी कुठे वळायचं ते दोघांची यंत्रं आपापसात ठरवणार. आम्ही नियंत्रकांनी हाताची घडी, तोंडावर बोट!

अंधाऱ्या खोलीत हिरवे ठिपके शाळा सुटल्यासारखे पांगत होते. बघत बसावंसं वाटत होतं.

५ मार्च
भिंगरी जेवायला आली. वैमानिक झाली तरी घरात भिंगरीच. म्हणाली, "आई, तरंगल्यासारखं वाटतं गं! तुमच्या त्या रेषा म्हणजे गळ्यात दावं." तिचे बाबा म्हणाले, "आणि दाव्याचं टोक तुझ्या आईच्या हातात!" सगळे हसलो.

मी म्हटलं, पूर्वी धोका कुठे ते ठाऊक होतं — वाटा जिथे छेदतात तिथे. आता? भिंगरी म्हणाली, "आता कुठेही. पण यंत्रं बघतात ना!"

८ मार्च
दुपारी डोळा लागला. स्वप्नात मी आणि भिंगरी आकाशात पायी चाललो होतो. ती लहान, तिचं बोट माझ्या मुठीत. खाली काहीच नाही, नुसता मऊ उजेड. मग मूठ रिकामी. ती लांबून हसत होती आणि मला हाक मारता येत नव्हती.

कामावर डोळे अजून वाटा छेदायच्या त्या जुन्या चौकांतच जातात. तिथे आता कोणी नसतं.

११ मार्च
भिंगरीचं विमान माझ्याच हद्दीत होतं. समोरून एक मालवाहू, त्याच उंचीवर — चौकांपासून लांब, जिकडे मी कधी बघतच नाही! यंत्रांचं ठरलं होतं, दोघांनी आपापल्या उजवीकडे — हे मला नंतर कळलं. पडद्यावर वळण दिसायला वेळ लागतो. मला राहवलं नाही. ओरडले, "डावीकडे वळा!"

आणि तिने यंत्राचं सोडून माझं ऐकलं. लहानपणी कधी ऐकलं नाही! अरुंद दारात समोरासमोर आलेली माणसं एकाच बाजूला सरकतात, तसं झालं. मालवाहूने नाक खाली घातलं म्हणून निभावलं.

१२ मार्च
सगळे माझीच पाठ थोपटतात. "तू होतीस म्हणून वाचले! यंत्रांच्या भरवशावर राहिलो असतो तर?" त्या क्षणी मी नियंत्रक नव्हतेच, घाबरलेली आई होते.

१४ मार्च
उद्या चौकशी. खरं सांगणार. खुर्ची गेली तर गेली, भिंगरीवर शिंतोडा नको.

१५ मार्च
सांगितलं — यंत्रं बरोबर होती, मी मध्ये पडले, चूक माझी. अध्यक्षांनी चष्मा काढला. "वैमानिक बाई सकाळीच येऊन गेल्या. म्हणाल्या, यंत्राचंच ऐकायचा नियम होता, तो मी मोडला, चूक माझी एकटीची. त्यांचं उड्डाण थांबवलंय."

पुन्हा तेच अरुंद दार — या वेळी आम्ही दोघी एकाच बाजूला!