दुपारी बारानंतर पुन्हा अकरा

ती. ताईंना,

साष्टांग नमस्कार. (खरं तर साष्टांग घालायला आमच्या केबिनमध्ये जागा नाही. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेवढी जमीन उरते तेवढीत माझे गुडघे मावतात, बाकीचा मी दारात येतो. तेव्हा नमस्कार हप्त्याहप्त्याने पोचता करतो आहे असं समजा.) तुमची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा लावता, की तो अजून खुर्चीच्या पाठीलाच लावलेला आहे? आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुमच्या धाकट्या बहिणीचा चेहरा उन्हाने तांबूस झालाय आणि वजन वाढलंय, पण ते तिला कळवायचं नाही.

आज बोटीवरचा शेवटचा दिवस. उद्या बंदरात उतरलो की हे पत्र पेटीत टाकीन, म्हणजे रविवारी तुम्ही निकाल द्यायला आमच्या घरी येण्याआधी ते तुमच्या हाती पडेल. पैज तुमच्याच समोर लागली होती, तरी मुख्याध्यापिकाबाईंना प्रश्नपत्रिका पुन्हा वाचून दाखवलेली बरी. दहा दिवस मी एकाही घड्याळाला हात लावायचा नाही. (खिशातल्या माझ्या घड्याळाला रोज सकाळी किल्ली देण्यापुरती सूट.) पाळलं तर धाकटी जन्मात पुन्हा ‘ते दुकान आता बंद करा’ असं म्हणणार नाही. मोडलं तर माझ्या एकेचाळीस वर्षांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला कुलूप आणि किल्ली तिच्या कनवटीला. निकाल तुमचा, आणि त्यावर अपील नाही. अशी पैज मी का लावली, तर दहा दिवस समुद्रावर घड्याळं भेटतीलच कशाला, असा माझा हिशेब होता.

ताई, या बोटीवर एकशे बारा घड्याळं आहेत. मोजायला मनाई नव्हती.

पण आधी केबिनचं सांगतो. खिडकी गोल आहे, आणि तिच्या खालच्या अर्ध्यात पाणी, वरच्या अर्ध्यात आभाळ. बोट कलली की कधी सगळं पाणी होतं, कधी सगळं आभाळ. पहिल्या दिवशी आम्ही दोघं पलंगावर बसून नुसतं तेच बघत राहिलो. छतावर पाण्याचा उजेड हलत होता आणि तिच्या हातातली सामानाची यादी तशीच मांडीवर पडून होती. केबिन आवरायला येणारा माणूस टॉवेलांना घड्या घालून त्यांचा हंस करून ठेवायचा. धाकटीला तो मोडवेना. परिणामी तीन दिवस आम्ही माझ्या सदऱ्याला अंग पुसलं आणि टेबलावर तीन हंस जमले.

आता घोडं कुठे अडलं ते ऐका. दुसऱ्या दिवशी मी माझ्या घड्याळात एक वाजता जेवायला गेलो, तर भोजनगृहातल्या भिंतीवर दोन. तिसऱ्या दिवशी माझा एक, भिंतीवर तीन. चौथ्या दिवशी चार. जिन्यातलं घड्याळ, वाचनालयातलं घड्याळ, सगळी एकाच मापाने पुढे. खरं तर इथेच मला शंका यायला हवी होती, कारण दोन घड्याळं एकसारखी चुकलेली मी उभ्या आयुष्यात पाहिलेली नाहीत. पण मनात म्हटलं, खाऱ्या हवेने केलं असेल. गावागावांच्या वेळा वेगळ्या असतात हे मला ठाऊक नाही असं समजू नका. पण वेळ बदलायची ती गाव बदलल्यावर. पाण्याला कुठली आली वेळ, असं माझं मत होतं. चौथ्या दिवशी सूर्य सव्वाचारला मावळला. तेव्हासुद्धा मी डगमगलो नाही. माझं घड्याळ एकेचाळीस वर्षांत दिवसाला दोन सेकंदांपेक्षा जास्त चुकलेलं नाही. सूर्याबद्दल मला तेवढी खात्री देता येणार नाही.

तर आम्ही माझ्या घड्याळाप्रमाणे राहत होतो आणि बाकीची बोट तिच्या. जेवायला जावं तर तीनशे खुर्च्यांचं दालन रिकामं. पांढऱ्या चादरी बदलून झालेल्या, पेले पालथे, आणि खिडक्यांतून तिरपं ऊन थेट शेवटच्या टेबलापर्यंत गेलेलं. मुख्य वाढपी म्हणून लांब मिशांचा एक भला माणूस आहे. तो काही न विचारता खिडकीजवळ दोघांचं पान मांडायचा आणि उरलंसुरलं आणून द्यायचा: कोमट सूप, पाव, एखादं सफरचंद कापून. आमची अशी समजूत झाली की नव्या प्रवाशांना संकोच वाटू नये म्हणून कंपनीने ही खास सोय केलेली आहे. धाकटी सावकाश जेवायची. मध्येच थांबून बाहेर बघायची. एकदा तिने विचारलं की आपण असं दोघंच जेवायला शेवटचं कधी बसलो होतो. मी आठवून बघितलं आणि सूप प्यायला लागलो. दुकानात दुपारचा डबा मी एका हाताने खातो, दुसऱ्या हातात चिमटा असतो, हे तुम्हाला माहीतच आहे. ती घरी खाते. कधी खाते, हे मी कधी विचारलेलं नाही.

पाचव्या दिवशी मी नऊ वाजता नाश्त्याला गेलो, तर समोर उकडलेले बटाटे आणि कोंबडी. (म्हटलं, अखेर यांना आमची भूक कळली.) तेवढ्यात मिशीवाला स्टुलावर चढला आणि त्याने भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बोटाने, ताई, उघड्या बोटाने, तासभर पुढे ढकलला. एखाद्या आईसमोर कोणी तिच्या लेकराचा कान पिळावा, तसं मला झालं. आधीच तीन तास पुढे असलेलं ते बिचारं चार तास पुढे गेलं. पैज आठवली. धाकटीकडे बघितलं, ती बटाटा सोलत होती.

पण दुपारी दालन रिकामं होतं, ती हात धुवायला गेली होती आणि स्टूल तिथेच होतं.

ते घड्याळ दोन तोंडांचं आहे. एक तोंड दालनात, दुसरं भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात. स्वयंपाकघराला खिडकी नाही. तिथली माणसं त्या घड्याळात बघूनच सकाळ-संध्याकाळ ओळखतात. मला हे ठाऊक नव्हतं. मी ते माझ्या घड्याळाशी जुळवलं, काच पुसली आणि समाधानाने खाली उतरलो.

त्याच संध्याकाळी साडेसातला निष्ठावंत सभासदांची मेजवानी होती. ही निष्ठेची भानगड तुम्हाला सांगायला हवी. या कंपनीच्या बोटीने एकदा गेलात की निळा बिल्ला. चार वेळा गेलात की रुपेरी, आणि भाड्यात सवलत. सात वेळा गेलात की सोनेरी: वेगळी रांग, कपडे फुकट धुऊन, आणि कप्तानाशेजारी बसून जेवण. सोनेरी माणसं निळ्यांकडे बघत नाहीत, निळ्यांवरून बघतात. (मला कौतुक वाटलं. माझ्या दुकानात तेच गिऱ्हाईक सातव्यांदा आलं, तर मी सवलत देत नाही, माफी मागतो.) तर असे साठ सोनेरी बिल्लेवाले ठेवणीतले कपडे घालून दाराशी उभे, आणि दार बंद. आत मिशीवाला पडदे ओढून दुपारची डुलकी काढत होता. त्याने एकदा डोळा उघडला, घड्याळात साडेतीन बघितले आणि कूस बदलली. आचाऱ्यांनी चुली पेटवल्या नव्हत्या. कप्तान स्वतः येऊन दार ठोठावायला लागला, तेव्हा कुठे बिंग फुटलं.

गणवेशातल्या अधिकारीणबाईंनी मिशीवाल्याला सगळ्यांसमोर उभं केलं. घड्याळाची जबाबदारी त्याची. तो म्हणत होता की त्याने ते रोजच्यासारखंच पुढे केलं होतं. कोणी विश्वास ठेवत नव्हतं. पुढच्या बंदरात सामान बांध, असं बाई त्याला म्हणाल्या. आम्ही दोघं तिथेच कडेला उभे होतो. ताई, खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला दुकान दिसलं. माझं टेबल, दिवा, काचेच्या कपाटात टांगलेली चिठ्ठी लावलेली घड्याळं. मूग गिळून उभा राहिलो असतो तर सगळं माझंच राहिलं असतं. मग मला तो माणूस कापलेलं सफरचंद घेऊन येताना दिसला. मी पुढे झालो आणि सांगून टाकलं.

त्यावर अधिकारीणबाईंनी मला जे समजावलं ते मी थोडक्यात आटोपतो, कारण लिहितानाही कान तापतात. बोट पूर्वेला जात असली की रोज दुपारी बारा वाजता सगळी घड्याळं एक तास पुढे करतात. रोज सकाळी तशी छापील चिठ्ठी प्रत्येक केबिनच्या दाराखालून सरकवतात. आमच्या दाराखालून एकही आली नाही, असं मी शपथेवर सांगितलं. साठ सोनेरी बिल्लेवाले माझ्याकडे बघत होते. कोणीतरी माझा धंदा विचारला. मी सांगितला. मग कोणी काही विचारलं नाही. धाकटीने माझा दंड धरला आणि मला बाहेर डेकवर नेलं. पैजेचं अक्षरही काढलं नाही. मिशीवाल्याची नोकरी राहिली. दुसऱ्या दिवशी एकोणीस सफरी केलेले एक सोनेरी आजोबा मुद्दाम भेटायला आले. बंद दारासमोर तासभर उभं राहावं लागल्यामुळे शेजारच्या केबिनमधल्या माणसाशी बारा वर्षांत पहिल्यांदा बोलणं झालं, म्हणून आभार मानून गेले.

आता परतीचं. बोट पश्चिमेला वळली तशी गेलेले तास परत द्यायला लागली. रोज दुपारी बारा वाजतात आणि पुन्हा अकरा होतात. पहिल्या दिवशी आम्ही डेकवरच्या खुर्च्यांवर होतो. धाकटीने विचारलं, “ह्या तासाचं काय करायचं हो?” दुकानात असतो तर म्हटलं असतं, दोन मनगटी घड्याळं होतील. इथे काहीच सुचेना, म्हणून बसून राहिलो. पाणी एका संथ लयीत वर यायचं आणि खाली जायचं. तिला डोळा लागला, तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, आणि मी खिशातलं घड्याळ काढून बघितलं नाही. काढायला गेलो असतो तर ती जागी झाली असती. चार दिवस, चार तास. जगात कोणाच्याच हिशेबात नसलेले. मला त्या तासांत फार बरं वाटलं, हे तुम्हाला सरळ सांगतो.

असो. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. रविवारी या. कंबरेचा पट्टा लावून या.

आपला,
घड्याळजी मेहुणा

ता. क. एक मुद्दा निकालाआधी विचारात घ्यावा. पैजेचे शब्द ‘हात लावायचा नाही’ असे होते. मी काटा लोणी लावायच्या सुरीने फिरवला. हाताचा स्पर्श घड्याळाला झालेला नाही. काच पुसली ती रुमालाने.

ता. क. २. वरचा मुद्दा तुम्ही मान्य करू नका. हे धाकटीला दाखवू नका. ताई, निकाल माझ्याविरुद्ध द्या. गेलं वर्षभर बारीक स्क्रू माझ्या चिमट्यातून निसटतात. गिऱ्हाइकाला मी सांगतो की घड्याळच जुनं आहे. दुकान बंद करा म्हणून ती इतकी वर्षं भांडली आणि दर वेळी मी जिंकलो, आता आपणहून ‘बंद करतो’ म्हणायला जीभ रेटत नाही. हरलो म्हणून बंद केलं तर मान खाली घालून निमूट घरी बसेन, आणि दुपारी तिच्याबरोबर जेवेन. एवढं करा.

ता. क. ३. ताई, हे अक्षर माझं आहे. हे डेकवर मिशीवाल्याचा निरोप घ्यायला गेलेत आणि पाकीट चिकटवायला माझ्याकडे देऊन गेलेत. वाचायला नको होतं, पण वाचलं. चिठ्ठ्या रोज येत होत्या. चारही माझ्या पर्समध्ये आहेत. पहिली मी ह्यांना दाखवणारच होते, पण त्याआधी आम्ही त्या रिकाम्या दालनात जेवलो, आणि मग मला दाखवावीशी वाटेना. तेव्हा पैज मोडली असेल तर ती माझ्यामुळे. निकाल ह्यांच्या बाजूने दे. स्क्रू पडतात हे मला कधीचं माहीत आहे. दुकान झाडायला जाते तेव्हा मीच वेचून ह्यांच्या डबीत परत ठेवते. काल दुपारी हे झोपले होते तर झोपेत दोन बोटं हलत होती, स्क्रू आवळल्यासारखी. ती मी घरात कशी बसवून ठेवू? आणि घरात चार घड्याळं आहेत, त्यांचं काय होईल याचाही विचार कर. तू एवढंच सांग की यापुढे फक्त भिंतीवरची मोठी घड्याळं घ्यायची, आणि दुपारी एक ते तीन दुकानाला कुलूप. निकाल देताना आवाज शाळेतला काढ. हे हरल्यासारखं तोंड करतील, मीही करीन. तू तेवढी हसू नकोस.